श्रमिकांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे

सह्याद्रीचा बोरघाट उतरून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर खोपोलीच्या पुढे चौक हे गाव लागते. एकोणिसाव्या शतकात देश आणि मुंबई यांना जोडणारी ही मोठी वाट होती. १८३० मध्ये बोरघाटातून गाड्यांसाठी पक्का रस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये कर्जतहून घाट चढून खंडाळ्यास जाणारी आगगाडी सुरू झाली. या वाटांनी देशावरचा कापूस मुंबईस जाऊ लागला. कापसाच्या गाठींबरोबर माणसेही गेली. दुष्काळाने गांजलेले शेतकरी, सावकाराच्या कर्जात बुडालेली कुळे, गावात पोट भरत नाही म्हणून बाहेर पडलेले तरुण, असे सारे पोटामागे मुंबईची वाट चालू लागले. कोकणातील डोंगराळ भागांतूनही असेच हजारो लोक आले. त्या सर्वांना मुंबईने एक नवे काम दिले. ते काम म्हणजे कापडाच्या गिरणीतील मजुरी.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. पुढील तीस-पस्तीस वर्षांत गिरण्यांची संख्या साठांहून अधिक झाली. परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत उंच धुराडी उभी राहिली. शहराची संपत्ती वाढली, व्यापार वाढला. परंतु ज्यांच्या श्रमांवर ही संपत्ती उभी होती, त्यांच्या सुखदुःखाची विचारपूस करण्यास कोणी पुढे येत नव्हते. हे काम ज्यांनी आपल्या शिरावर घेतले, ते नारायण मेघाजी लोखंडे हे भारतातील कामगार चळवळीचे जनक मानले जातात.

नारायणरावांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्या काळी अशा कुटुंबातील मुलाने शाळेत जाणे ही सामान्य गोष्ट नव्हती. शिक्षण हे काही थोड्या जातींचे काम, असा समज सर्वत्र रुजलेला होता. तरीही नारायणरावांनी शिक्षणाची कास धरली आणि इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या वर्गापर्यंत मजल मारली. घरच्या गरिबीमुळे त्यांना त्यापुढे शिकता आले नाही. त्यांनी प्रथम रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर मुंबईतील मांडवी गिरणीत कोठाराचे काम पाहणारे कारकून म्हणून ते लागले.

गिरणीत आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवणे हे त्यांचे काम होते. परंतु ज्याचे डोळे उघडे आहेत त्याला मालाबरोबर माणसेही दिसतात. गिरणीतील मजुरांची दैना नारायणरावांना रोज समोर दिसू लागली.

त्या काळी गिरणी सूर्योदयास सुरू होई आणि सूर्यास्तास थांबे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून मजुराला सुमारे चौदा तास उभे राहावे लागे. मध्ये जेवणासाठी ठरावीक सुटी नव्हती. यंत्र चालूच असे आणि मजूर जमेल तेव्हा चार घास पोटात ढकली. कापसाचे तंतू हवेत उडत, नाकातोंडात जात आणि छातीत खोकला घर करी. यंत्रांचे पट्टे आणि दाते उघडे असत. त्यांत कोणाचा हात सापडला तर तो जन्माचा पंगू होई आणि त्याची नोकरीही जाई. पगार महिना संपताच मिळत नसे. तो अनेक आठवडे अडकून राही आणि तोवर मजुराला वाण्याकडून उधारीवर धान्य आणावे लागे. त्या उधारीवर व्याज चढे आणि हाती पगार पडण्यापूर्वीच त्याचा मोठा वाटा दुसऱ्याचा झालेला असे. कामावर घेणे आणि कामावरून काढणे मुकादमाच्या हाती होते, म्हणून त्यालाही दस्तुरी देऊन खूष ठेवावे लागे.

आठवड्यास एक दिवस विसावा, ही गोष्ट तर मजुराला ठाऊकच नव्हती. सणावारी गिरणी बंद राही तेवढाच विश्राम. एखाद्या रविवारी यंत्रे थांबली तरी ती पुसण्यासाठी आणि साफ करण्यासाठी मजुरांना यावेच लागे. स्त्रिया सुताच्या लडी करण्याच्या आणि कांड्या भरण्याच्या खात्यांत राबत. आठ-नऊ वर्षांची मुलेही दिवसभर यंत्रांमधून धावत असत. ज्या वयात पाटी-पेन्सिल हाती असावी, त्या वयात त्यांच्या हाती तुटलेले धागे जोडण्याचे काम होते.

ही स्थिती पाहून पुष्कळांना वाईट वाटत असेल. परंतु वाईट वाटणे निराळे आणि त्या दुःखावर उपाय शोधणे निराळे. उपाय शोधण्याची दृष्टी नारायणरावांना महात्मा जोतीराव फुले यांच्याकडून मिळाली. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. सर्व माणसे समान आहेत, जन्मावरून कोणी श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरत नाही, शेतकरी आणि श्रमिक यांनी विद्या मिळवून आपल्या पायांवर उभे राहावे, ही त्या समाजाची शिकवण होती. नारायणराव या समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते झाले. जोतीरावांनी प्रामुख्याने शेतकऱ्याचे दुःख जगासमोर मांडले होते. तोच शेतकरी गाव सोडून गिरणीत आला की मजूर होतो, हे नारायणरावांनी ओळखले आणि गुरूचा विचार त्यांनी गिरणीच्या दारापर्यंत नेला.

विचार लोकांपर्यंत पोहोचवायचा तर वृत्तपत्र हवे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले होते. बहुजन समाजाची बाजू मांडणारे हे पत्र मोठ्या हिमतीने निघाले, परंतु पैशाच्या अडचणीमुळे ते चालवणे कठीण झाले. १८८० मध्ये नारायणरावांनी ते आपल्याकडे घेतले आणि मुंबईतून ते पुन्हा सुरू केले. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा वर्षे, त्यांनी हे पत्र चालवले. पत्राचे नाव ‘दीनबंधु’ होते आणि त्यांनी ते नाव सार्थ केले. गिरणीतील कामाचे तास, अपघात, पगाराची दिरंगाई, शेतकऱ्यांवरील कर, शिक्षणाची उपेक्षा, असे अनेक विषय त्यातून मांडले जात. ज्या मजुरांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी लिहिणे हे वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु ते लिहिणे जितके मजुरांसाठी होते, तितकेच ज्यांच्या हाती सत्ता आणि पैसा होता त्यांच्यासाठीही होते.

याच सुमारास सरकारने गिरण्यांसाठी पहिला कायदा केला. मुंबईतील एक लोकहितैषी गृहस्थ सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ पासून अशा कायद्यासाठी खटपट चालवली होती. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरणीमालकांनीही या कायद्याचा आग्रह धरला होता. मात्र त्यात दयेपेक्षा स्पर्धेची भीती अधिक होती, कारण मुंबईच्या कापडामुळे त्यांचा व्यापार घटेल अशी त्यांना धास्ती वाटत होती. अखेर १८८१ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून अधिक काम देऊ नये आणि महिन्यातून चार सुट्या द्याव्यात असे ठरले. परंतु मोठ्या माणसांसाठी, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, त्या कायद्यात कामाच्या तासांची मर्यादा नव्हती आणि साप्ताहिक सुटीही नव्हती.

या कायद्यात सुधारणा करावी की काय, याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक चौकशी मंडळ नेमले. गिरणीमालक आपले म्हणणे मांडणार, अधिकारी आपले मत देणार, हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की, ज्यांच्याविषयी हा सारा विचार चालला आहे, त्या मजुरांचे म्हणणे कोण मांडणार? नारायणरावांनी ठरवले की, ते मजुरांनीच मांडावे.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. दिवसभर उभे राहून थकलेली माणसे त्या सभांना आली. आपल्या कामाविषयी आपणच काही मागायचे असते, ही कल्पना त्यांना नवी होती. मागणी केली तर मुकादम कामावरून काढील, ही भीती होतीच. तरीही सभेत मागण्या ठरल्या. सर्व मजुरांना दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे आणि सूर्यास्तास संपावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती यावा. काम करताना दुखापत झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा पंगू होईल त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या आणि नारायणरावांनी तो अर्ज चौकशी मंडळापुढे ठेवला.

या मागण्या आज वाचल्या तर त्या किती साध्या होत्या हे ध्यानात येते. वेतन वाढवा, असेही त्यांत म्हटलेले नव्हते. माणसाला दमल्यावर विसावा हवा, भूक लागल्यावर जेवायला वेळ हवा, एवढेच त्यांत होते. परंतु ही गोष्ट हजारो मजुरांनी एकत्र येऊन मागितली, यातच तिचे मोल होते. यातूनच ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही गिरणी कामगारांची संस्था आकाराला आली. नारायणराव तिचे अध्यक्ष होते. आजच्या कामगार संघटनेप्रमाणे तिच्यापाशी सभासदांची यादी नव्हती, वर्गणी नव्हती आणि लेखी नियमही नव्हते. तिचे बळ दोनच गोष्टींत होते. एक ‘दीनबंधु’ पत्र आणि दुसरी नारायणरावांवरील कामगारांची श्रद्धा.

अर्ज दिला म्हणून मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. एक वर्ष गेले, दोन वर्षे गेली. गिरणीची धुराडी पूर्वीप्रमाणे सातही दिवस धूर ओकत राहिली. अशा वेळी बहुतेक माणसे निराश होतात. नारायणराव निराश झाले नाहीत. ते लिहीत राहिले, सभा घेत राहिले, पुन्हा अर्ज करीत राहिले. या काळात त्यांनी सत्यशोधक समाजाचे कामही सोडले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील मांडवी कोळीवाड्यात मोठी सभा भरून जनतेच्या वतीने जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण करण्यात आली. त्या समारंभासाठी झटणाऱ्यांत नारायणराव अग्रभागी होते.

अखेर १८९० साल उजाडले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गिरणी कामगारांची प्रचंड सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार तेथे जमले होते. श्रीमंतांच्या करमणुकीच्या त्या मैदानावर त्या दिवशी अंगावर कापसाचे तंतू घेतलेली माणसे उभी होती. या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलण्यास उभ्या राहिल्या. ज्या काळी स्त्रीने चारचौघांत मोठ्याने बोलणे सुद्धा अमर्याद मानले जाई, त्या काळी दहा हजारांसमोर गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांनी आपली बाजू मांडावी, ही फार मोठी गोष्ट होती. सभेने रविवारच्या सुटीची मागणी एकमुखाने केली आणि ती गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवण्यात आली.

जगाच्या दुसऱ्या भागांतही त्या वेळी असेच वारे वाहत होते. अमेरिकेत कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ मध्ये मोठा लढा दिला होता. त्याच मागणीसाठी १ मे १८९० रोजी युरोप आणि अमेरिकेतील अनेक शहरांत कामगार प्रथमच एकाच दिवशी रस्त्यावर आले. महालक्ष्मीची सभा त्याच्या अवघा एक आठवडा आधी झाली होती.

दहा हजार कामगारांच्या मागणीकडे दुर्लक्ष करणे आता मालकांना शक्य नव्हते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारी गिरण्या बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. १८८४ च्या अर्जापासून सहा वर्षे झाली होती. एकही यंत्र न मोडता, कोणावर हात न उगारता मुंबईच्या गिरणी कामगारांनी आपल्या हक्काचा एक दिवस मिळवला. महाराष्ट्रात रविवार हा खंडोबाचा वार मानला जातो. त्या दिवशी आता कामगाराला देवाचे दर्शन घेता येणार होते, आप्तांना भेटता येणार होते आणि स्वतःच्या मुलांचे तोंड दिवसाउजेडी पाहता येणार होते.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने गिरण्यांच्या प्रश्नावर नवे चौकशी मंडळ नेमले. त्याच्या मुंबईतील कामात नारायणरावांना सहकारी सभासद म्हणून घेण्यात आले. जो मनुष्य एके काळी गिरणीच्या कोठारात नोंदी लिहीत होता, तो आता कायदा कसा असावा हे सांगण्यासाठी सरकारी मंडळात बसला. या चौकशीनंतर १८९१ मध्ये नवा कायदा झाला. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा ठरली. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि मध्ये दीड तासाची विश्रांती ठरली. सर्वांना दुपारी अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यातून एक दिवस सुटी कायद्याने मिळाली. पुरुषांच्या कामाचे तास मात्र तसेच राहिले. त्यासाठी पुढच्या पिढ्यांना झगडावे लागले.

नारायणरावांचे मन केवळ गिरणीपुरते मर्यादित नव्हते. जेथे अन्याय दिसे तेथे ते उभे राहत. त्या काळी काही उच्चवर्णीय कुटुंबांत पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन करण्याची क्रूर चाल होती. विधवेच्या इच्छेविरुद्ध तिच्या डोक्यावर वस्तरा चालवला जाई. नारायणरावांनी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांना एकत्र केले आणि आपण हे काम करणार नाही असा निश्चय त्यांच्याकडून करविला. ज्याच्या हाती वस्तरा आहे त्यानेच तो खाली ठेवला, तर ही चाल कोण चालवणार? श्रमिकांचा एकोपा दुसऱ्यांच्या दुःखनिवारणासाठीही उपयोगी पडू शकतो, हे त्यांनी यातून दाखवून दिले.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू आणि मुसलमान यांच्यात भयंकर दंगल झाली. एकाच गिरणीत, एकाच खात्यात शेजारी उभे राहून काम करणारी माणसे एकमेकांच्या जिवावर उठली. नारायणरावांना यामुळे अतिशय दुःख झाले. त्यांनी दोन्ही समाजांच्या लोकांना राणीच्या बागेत एकत्र बोलावले आणि एकोप्याचा मेळावा भरवला. ज्यांचे श्रम एक आहेत आणि ज्यांची भूक एक आहे, त्यांनी आपसांत भांडू नये, हा त्या मेळाव्याचा बोध होता.

नारायणरावांच्या कार्याची दखल सरकारनेही घेतली आणि त्यांना ‘रावबहादुर’ ही पदवी दिली. पदवीने त्यांची राहणी बदलली नाही आणि कामगारांशी असलेले त्यांचे नातेही बदलले नाही. त्याची कसोटी लवकरच लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. पाहता पाहता ती शहरभर पसरली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. रेल्वेच्या फलाटांवर आणि गलबतांच्या धक्क्यांवर माणसांची रीघ लागली. कामगारांच्या चाळींत मात्र रोगी पडून होते. एका लहानशा खोलीत आठ-दहा माणसे राहत, तेथे साथ वणव्यासारखी पसरे. सरकारी रुग्णालयाचे नाव काढताच लोक घाबरत आणि रोगी लपवून ठेवीत. अशा वेळी नारायणरावांनी रोग्यांसाठी ‘मराठा हॉस्पिटल’ उभे केले आणि रात्रंदिवस ते त्या कामात गुंतले. आपल्याला संसर्ग होईल, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु ज्यांचा बंधू म्हणवून घेतले, त्यांना संकटात टाकून जाणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अखेर त्यांनाही प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. त्यानंतर एका महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले यांनीही पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना देह ठेवला. सत्यशोधक समाजाची शिकवण केवळ बोलण्यापुरती नव्हती, हे या दोन मृत्यूंनी सिद्ध केले.

नारायणरावांनी लावलेले रोप पुढे वाढत गेले. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषांच्या कामासही बारा तासांची मर्यादा आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये झालेल्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामावर ठेवण्यास मनाई केली. मुंबईतील ज्या परळ भागात नारायणरावांनी कामगारांच्या पहिल्या सभा घेतल्या, तेथे कामगारविषयक शिक्षण देणारी राज्य सरकारची संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. २००५ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या काळातील बहुतेक गिरण्या आता बंद पडल्या आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

नारायणरावांपाशी धन नव्हते, सैन्य नव्हते, अधिकारही नव्हता. त्यांच्यापाशी एक लेखणी होती, अपार चिकाटी होती आणि गरिबांनी एकत्र यावे ही तळमळ होती. तेवढ्या बळावर त्यांनी हजारो घरांत विश्रांतीचा एक दिवस आणला. रविवारी सकाळी शाळेची घंटा वाजत नाही आणि घरातील कमावती माणसे निवांत बसलेली दिसतात. तो निवांतपणा आयता मिळालेला नाही. साडेपाच हजार सह्यांनी आणि सहा वर्षांच्या धीराने तो मिळवलेला आहे.